बावन्नातून सत्तावीस

मी अध्यापक विद्यालयात गणित शिकवते. म्हणजे खरे तर गणित शिकवायला शिकवते. पण हा फरक समजावून सांगायचा मला आता कंटाळा येतो. कोणी विचारले तर 'डी.एड. कॉलेजला आहे' एवढेच सांगते. विद्यालय अंबरनाथला, मी राहते बदलापूरला, आणि आमच्याकडे येणारी मुले-मुली या दोन्ही गावांतली, उल्हासनगरच्या कॅम्पांतली आणि आजूबाजूच्या खेड्यांतली. पूर्वी प्रवेशाला रांग लागायची. आता जागा भरत नाहीत. दुसरीकडे कुठे नंबर लागला नाही म्हणून आलेली, लग्न ठरेपर्यंत घरी बसायला नको म्हणून आलेली, अशी बरीच असतात. खरोखर शिक्षक व्हायचे ठरवून आलेली दोन-चार.

ज्या बाईविषयी मी सांगते आहे, ती त्या दोन-चारांतली होती. वय चौतीस. सासर अंबरनाथलगतच्या मोरिवलीचे. घरची शेती आजेसासऱ्यांच्या काळातच कंपन्यांच्या भिंतींआड गेलेली, नवरा त्यातल्याच एका कंपनीत पाळीवर. बारावीनंतर लग्न, दोन मुली, आणि धाकटी पहिलीत गेल्यावर हिने डी.एड.चा फॉर्म भरला. वर्गातली बाकीची मुले वीस-एकवीसची. ती तिला 'ताई' म्हणत. मी इतरांना अरेतुरे करते. तिला 'तुम्ही' म्हणायचे, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकले. त्याने ती जरा अवघडली असावी.

पहिल्या तासाला मी सगळ्यांना तिसरीतली वजाबाकी घालते. त्र्याऐंशीतून सत्तेचाळीस. मुले हसतात. उत्तर छत्तीस, सगळ्यांचे बरोबर. मग मी विचारते, "आठाचा सात का केला?" उत्तर येते, "उसना घेतला." "कोणाकडून? कशाला? आणि एक घेतला तर तीनाचे तेरा कसे झाले, चार का नाही झाले?" इथे वर्ग गप्प होतो. मला ही शांतता आवडत असे, हे कबूल करते. अठरा वर्षे दर जूनमध्ये मी ती निर्माण करत होते. मग काड्यांचे गठ्ठे काढायचे, एक गठ्ठा सोडून दाखवायचा, दशक सुटा होतो म्हणजे काय ते पटवायचे, आणि पुढचे वर्षभर त्या मुलांच्या मनात आपल्याविषयी थोडा धाक राहतो.

त्या वर्षी मी वह्या बघत फिरले, तेव्हा हिच्या वहीत आठाला काटच मारलेली नव्हती. सत्तेचाळीसातल्या चाराशेजारी बारीक एक लिहिला होता.

"हे काय?"

"हातचा, मॅडम. तीनातून सात जात नाहीत म्हणून तेरा धरले. तेरातून सात गेले सहा. हातचा एक, चार आणि एक पाच. आठातून पाच गेले तीन."

"ही जुनी पद्धत झाली. आता पुस्तकात दशक सुटा करतात."

"उत्तर तर तेच येतं ना, मॅडम?"

"उत्तर येतं म्हणून पद्धत बरोबर होत नाही. तेरा वर धरलेत आणि हातचा खाली मिळवलात, याला काही अर्थ आहे का? हे मुलांना समजावून सांगता येत नाही. म्हणून तर ते काढून टाकलं."

पोरे हसली. तिने रबर घेऊन तो बारीक एक खोडला. मी पुढच्या बाकाकडे गेले.

मला जे सांगितले गेले होते तेच मी सांगितले. मी शिकत होते तेव्हा आमच्या सरांनी अगदी हेच वाक्य म्हटले होते, ही पद्धत समजावून सांगता येत नाही. मी ते वहीत लिहून घेतले होते.

ती मेहनती होती. पाठाचे टाचण इतरांपेक्षा दुप्पट लांब, काड्या घरून बांधून आणलेल्या, रबरबँड लावून, दहादहाच्या. सरावपाठांना तिची जोडीदार म्हणून उल्हासनगर कॅम्प तीनमधली एक मुलगी दिली होती. वडील तिथल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग करणारे, बोलणे अर्धे मराठी अर्धे हिंदी. ती मला एकदा म्हणाली, "मॅडम, ताई इतनी प्रॅक्टिस करते ना, घरी बसून आरशासमोर बोलते. मला पण रोज फोन करून विचारते, गठ्ठा आधी सोडायचा का आधी लिहायचं." मी 'छान' म्हटले.

सरावपाठ शिवमंदिराच्या बाजूच्या एका शाळेत होते. तिसरीचा वर्ग. मुले बहुतेक कामगारांची, अर्ध्यांच्या घरी हिंदी. एकोणसाठ म्हटले की कोणी एकोणसत्तर लिही, कोणी नुसते बघत राही. मी मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसले. जोडीदारीण खिडकीशी.

सुरुवात चांगली झाली. तिने बावन्नातून सत्तावीस हे उदाहरण घेतले. मुलांना चार-चारच्या गटात बसवून काड्या दिल्या, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "आता यातून सत्तावीस काढायच्या आहेत. सात सुट्या हव्यात, आपल्याकडे दोनच आहेत. काय करूया?" एका पोराने न विचारताच गठ्ठ्याचे रबरबँड काढले. ती हसली. सगळ्या गटांनी मोजले. पंचवीस उरल्या. मुलांनी वहीत पंचवीस लिहिले. मी वहीत 'साहित्याचा योग्य वापर' असे लिहिले.

मग ती हेच फळ्यावर मांडायला वळली. पाचाला काट मारून वर चार लिहिला. दोनाचे बारा केले. बारातून सात गेले पाच. इथपर्यंत टाचणाप्रमाणे. आणि मग तिच्या हाताने, तिच्या नकळत, सत्तावीसातल्या दोनाशेजारी बारीक एक लिहिला. "दोन आणि एक तीन. चारातून तीन गेले एक." फळ्यावर उत्तर आले पंधरा.

तिच्या लक्षात आले नाही. तिने खाली दोन रेघा ओढल्या आणि मुलांकडे तोंड केले.

मी मुलांकडे बघत होते. त्यांच्यासमोर बाकावर पंचवीस काड्या होत्या, दोन गठ्ठे आणि पाच. त्यांनी फळ्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले, आणि रबर काढले. एकामागून एक. पंचवीस खोडून पंधरा लिहिले. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी तेवढी काड्या पुन्हा मोजत होती. शेजारणीने तिला कोपराने ढोसले, "फळ्यावर बघ ना." मग तिनेही खोडले.

पाठ चालू असताना निरीक्षकाने मध्ये बोलायचे नाही असा नियम आहे. तो मीच दरवर्षी सांगते. मी उठले, फळ्याशी गेले, डस्टर घेतले आणि सगळे पुसले. "हे चुकलंय. नीट बघा," असे म्हणून उदाहरण पुन्हा सोडवले आणि पंचवीसला गोल केला. मुलांनी पंधरा खोडून परत पंचवीस लिहिले. काहींच्या वह्यांना त्या जागी भोक पडले. ती कपाटाला टेकून उभी होती, हातात सुटलेले रबरबँड.

वहीत मी लिहिले, 'आशयाचे ज्ञान अपुरे. पाठ पुन्हा घ्यावा.' सही केली आणि वही तिच्या हातात दिली. तिने ती वाचली आणि मिटली. "हो मॅडम," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

चार-पाच दिवसांनी जोडीदारीण माझ्याकडे आली. "मॅडम, ताई नाही येणार आता. बोलली, मुझसे नहीं होगा. दाखला काढायचा अर्ज पण लिहिलाय तिने."

"घरचं काही आहे का?"

"घरचं नाही मॅडम. ती बोलली, पोरांनी बरोबर उत्तर खोडलं माझ्यामुळे. तेच तेच बोलते."

मला त्या वेळी फार वाईट वाटले असे मी म्हणणार नाही. दरवर्षी एक-दोघे सोडून जातात. मी प्राचार्यांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "आणखी एक जागा रिकामी," आणि पुढच्या कामाला लागले. मीही लागले.

मात्र पुढच्या आठवड्यात मला वर्गात 'मुलांच्या चुका आणि त्यांची कारणे' हा भाग घ्यायचा होता. मी ठरवले, नाव न घेता हेच उदाहरण द्यायचे. दोन पद्धतींची सरमिसळ केली की काय होते. फळ्यावर दोन्ही मांडायच्या, पहिली बरोबर कशी ते दाखवायचे, दुसरी चूक कशी ते दाखवायचे. घरी स्वयंपाक उरकून रात्री तयारीला बसले. पहिली झाली. दुसरी चूक कशी, ते लिहायला घेतले आणि लिहिता येईना.

कारण ती चूक नव्हतीच. मी जुन्या हजेरीपत्रकाच्या पाठीमागे एकेक उदाहरण घालत गेले. प्रत्येक वेळी उत्तर बरोबर. पाचशेतून दोनशे अडुसष्ट घेतले, जिथे आमच्या पद्धतीत मुले हमखास गडबडतात, कारण शेजारी शून्य, त्याच्या शेजारीही शून्य, सुटा करायला दशकच नाही. जुन्या पद्धतीने ते सरळ उलगडले. दहातून आठ गेले दोन, हातचा एक. सहा आणि एक सात, दहातून सात गेले तीन, हातचा एक. दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. दोनशे बत्तीस. काटछाट नाही, काही नाही. म्हणजे या पद्धतीला काहीतरी कारण असलेच पाहिजे, आणि ते मला माहीत नव्हते. अठरा वर्षे मी मुलांना 'का' विचारत होते आणि हा 'का' मला कधी पडलाच नव्हता.

कोणाला तरी विचारता आले असते. पुस्तकांत कुठेतरी असणारच. मी तसे केले नाही. का नाही, ते मला नीट सांगता येत नाही. शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी स्कूटी मोरिवलीच्या बाजूला वळवली.

कंपन्यांच्या भिंती संपतात तिथे एकदम घरे सुरू होतात. दारात तिची सासू वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून म्हणाली, "कोन पायजे?" मी सांगितले. "कालेजच्या बाई का? सून हाय आतमंदी. बसा." तिने पाट पुढे सरकवला, मग काय वाटले कोण जाणे, उठून खुर्ची आणली.

ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला पाहून जागीच थांबली. "मॅडम, तुम्ही कशाला आलात? अर्ज मी सोमवारी आणून देणार होते."

"अर्जासाठी नाही आले. एक विचारायचं होतं. ती हातच्याची पद्धत तुम्हाला कोणी शिकवली?"

तिला वाटले, पुन्हा तेच. चेहरा उतरला. "वडिलांनी. पाटीवर घ्यायचे ते माझ्याकडून. मॅडम, मी ती सोडली होती खरंच. त्या दिवशी हात वळला."

"ती का चालते, सांगितलं होतं त्यांनी?"

"नाही. असंच करायचं म्हणाले."

"मलाही माहीत नाही," मी म्हटले.

तिने पाट ओढला आणि माझ्यासमोर बसली. 

"तुम्हाला माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. चूक आहे असं मी वर्गात म्हटलं. ती चूक नाही. बरोबर का आहे, ते मला कळलेलं नाही."

तिने चहा टाकला. मग आम्ही दोघी तिच्या मोठ्या मुलीची वही घेऊन बसलो. तास-दीड तास. काड्या होत्याच घरात. पण काड्यांनी काम होईना, कारण काड्या फक्त वरच्या संख्येच्या मांडता येतात. काढून टाकायची संख्या तर हातात नसते, मग तिच्यात एक मिळवणार कुठे? हे तिनेच म्हटले. मी एक-दोन कल्पना मांडल्या, त्या पुढे जाईनात. उत्तर मिळाले नाही. निघताना सासूने सोललेल्या वालांची पिशवी हातात दिली. कॉलेजला परत या, असे मी तिला म्हटले नाही. म्हणायला हवे होते.

मंगळवारी सकाळी परिपाठाच्या आधी ती शिक्षककक्षाच्या दारात उभी. हातात वही.

"मॅडम, मिळालं."

"बसा."

ती बसली नाही. "काल दोघी मुली भांडत होत्या. धाकटी म्हणते, मी मोठी झाले की तुझ्याएवढी होणार. मोठी म्हणते, तेव्हा मी पण मोठी होणार ना, मी कायम चार वर्षांनी पुढेच. मी भाकरी थापत होते. आणि मॅडम, भाकरी करपली तव्यावर." तिने वही उघडली. "दोघींना दहा-दहा वर्षं दिली तरी फरक चारच. बावन्न आणि सत्तावीस, दोघांना दहा-दहा दिले तर बासष्ट आणि सदतीस. फरक तोच, पंचवीस. फक्त वरच्याला ते दहा सुटे दिले, म्हणून दोनाचे बारा झाले. आणि खालच्याला तेच दहा दशक म्हणून दिले, म्हणून दोनाचे तीन झाले. आपण काड्या काढत बसलो होतो ना, म्हणून सापडत नव्हतं. इथे काढायचं नाहीच. इथे दोघांमधलं अंतर मोजायचंय."

मी वही माझ्याकडे ओढली आणि पुन्हा एकदा वाचली. तिच्या मांडणीत काही कमी नव्हते.

"तेच आहे," मी म्हटले.

ती आता बसली. वहीचे पान उलटून म्हणाली, "माझी चूक पण कळली मग. मी खालच्याला दहा दिले, आणि वरून दहा काढून पण घेतले. म्हणून उत्तर बरोबर दहानेच कमी आलं."

तेही मला सुचले नव्हते. पंधरा आणि पंचवीस यांतला तो दहाचा फरक मी पाहिला होता, पण तो असा वाचला नव्हता.

त्या तासाला ती वर्गात मागच्या बाकावर बसली होती. मी सगळ्यांना सांगितले की जूनमध्ये मी एक विधान केले होते ते चुकीचे होते, आणि ते कसे, हे आता तुमच्यातली एकजण सांगेल. मुलांना त्यात फारसे काही वाटले नाही. मी खडू तिच्या हातात दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. तिची माफी मी मागितली नाही. तेवढे जमले नाही, आणि नंतर वेळ निघून गेली.

पाठ तिने पुन्हा त्याच वर्गावर घेतला. मला वाटले होते, आता ती आपली हातच्याची पद्धत मुलांना दाखवेल. तिने ती दाखवली नाही. मी नंतर विचारले, तर म्हणाली, "त्यांना आधी एक तरी नीट येऊ दे." पाठाच्या सुरुवातीला ती फळ्यापाशी गेली आणि म्हणाली, "मागच्या वेळी तुमचं उत्तर पंचवीस आलं होतं आणि माझं पंधरा. कोणी कोणी आपलं खोडून माझं लिहिलं?"

एकही हात वर झाला नाही.

"मी रागावणार नाही. बाई चुकल्या होत्या. तुम्ही बरोबर होता."

पोरे एकमेकांकडे बघून हसू लागली. मग दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने हात वर केला. "बाई, मी दोनदा मोजलं होतं."

"मग खोडलं का?"

"तुम्ही बाई आहात ना."

 तिने काड्या वाटायला घेतल्या. पाठ फार देखणा झाला असे नाही. वेळ पुरला नाही, उपयोजनाचा, म्हणजे शेवटच्या सरावाचा, भाग राहिला. एक मुलगा शेवटपर्यंत पस्तीस लिहीत होता, कारण तो सरळ मोठ्या अंकातून लहान अंक काढत होता, सातातून दोन, पाचातून दोन. ती त्याच्या बाकाशी खाली बसली आणि म्हणाली, "तू कसं केलंस ते मला दाखव." घंटा झाल्यावरही ती तिथेच होती. मी निरीक्षण वहीत काय लिहायचे याचा बराच वेळ विचार केला आणि शेवटी शेरा न लिहिता नुसते गुण दिले. चांगले दिले.

ती डी.एड. झाली. शिक्षक पात्रता परीक्षेत पहिल्या वेळी थोडक्यात राहिली, दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाली. सरकारी भरतीची वाट बघत सध्या ती बदलापूरच्या एका खाजगी शाळेत शिकवते. पगार बेताचा आहे. मोरिवलीहून शेअर रिक्षा बदलत येते. मी दोनदा नव्या मुलांना घेऊन तिच्या वर्गावर गेले आहे. तिच्या तासाला मुलांनी रबर दप्तरात ठेवायचे असते. चुकले तर एक आडवी रेघ मारायची आणि खाली नवे लिहायचे. मुख्याध्यापकांना वह्या घाण दिसतात म्हणून ते आवडत नाही. पालकांचीही तक्रार असते. तिने ते बंद केलेले नाही.

कॅम्प तीनची जोडीदारीण लग्न होऊन कल्याणला गेली आणि शिकवण्या घेते, असे ऐकले.

मागच्या रविवारी मोरिवलीहून तिचा फोन आला. मी कपडे वाळत घालत होते. "मॅडम, सहाशे अठरा भागिले सहा. मुलं उत्तर तेरा लिहितात. मधला शून्य विसरतात. मी त्यांना सांगते, एकाला सहाचा भाग जात नाही म्हणून वर शून्य द्यायचा. तर एक पोरगी म्हणते, भाग जात नाही तर काहीच लिहायला नको ना, शून्य म्हणजे काहीच नाही."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सोमवारी सांगते म्हटलं."

मी म्हटले, मी जरा बसते यावर. ती म्हणाली, मी पण बसते. आणि फोन ठेवला.